विधी शिक्षकांची संघटना विषयांवर उभी राहावी : घटना समितीस खुले पत्र

प्रति,
घटना समितीचे सदस्य,
राज्यातील विधी शिक्षकांची नियोजित संघटना

विषय : घटनेच्या मसुद्यात विषय विभागांची तरतूद करण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

घटनेचा मसुदा आपण सर्व विधी महाविद्यालयांकडे अभिप्रायासाठी पाठवला, त्याबद्दल प्रथम आभार. आमच्या कॉलेजात तो स्टाफरूमच्या टेबलावर आठवडाभर पडून होता आणि जो तो आपल्या विभागाचा उपाध्यक्ष कोण होणार याचा अंदाज बांधून तो परत जागेवर ठेवत होता. यात सहकाऱ्यांचा दोष नाही, मसुदाच तसा आहे. अध्यक्ष, सहा महसुली विभागांचे सहा उपाध्यक्ष, सरचिटणीस, दोन सहसचिव, खजिनदार, प्रत्येक विद्यापीठाचा एक प्रतिनिधी, निवडणुकीची रीत, अविश्वास ठरावाची रीत, असे सारे त्यात तपशिलाने आहे. आणि संविधान, करार, अपकृत्ये (ज्यांबद्दल नुकसानभरपाई मागता येते अशी दिवाणी कृत्ये), गुन्हे, कुटुंब, मालमत्ता, करआकारणी, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण रोज वर्गात उभे राहतो ते विषय, त्यात कुठेच नाहीत. माझी विनंती एवढीच आहे की घटनेत विषय विभागांची, म्हणजे एकेक विषय शिकवणाऱ्यांच्या गटांची, तरतूद करावी, आणि तीही शेवटच्या पानावर 'आवश्यकतेनुसार उपसमित्या' अशा शब्दांत नव्हे, तर संघटनेचे मुख्य अंग म्हणून करावी.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. इंग्लंडमध्ये पीएच.डी. करत असताना तिथल्या विधी अध्यापकांच्या संस्थेच्या वार्षिक परिषदेला मी दोनदा गेले, एकदा निबंध वाचला, आणि एका वर्षी आमच्याच विद्यापीठात शिकवणाऱ्या, तिथल्या एका विषय विभागाच्या निमंत्रकांना गोषवाऱ्यांची छाननी करण्यात मदत केली. त्यानंतर परत येऊन एका जिल्ह्याच्या ठिकाणी अपकृत्यांचा कायदा आणि मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा शिकवते आहे. दोन्हीकडचे पाहिल्यामुळे तुलना अटळ आहे. तिकडचे सगळे चांगले असा माझा दावा नाही, आणि तिथल्या पद्धतीतले दोषही मी पुढे लिहिणार आहे.

ती संस्था म्हणजे 'सोसायटी ऑफ लीगल स्कॉलर्स'. १९०८ साली ती 'सोसायटी ऑफ पब्लिक टीचर्स ऑफ लॉ' या नावाने स्थापन झाली. पुढाकार एडवर्ड जेंक्स यांचा होता आणि ऑक्सफर्डचे हेन्री गौडी हे पहिले अध्यक्ष. नावातल्या 'पब्लिक' या शब्दात थोडा तोराही होता : पैसे घेऊन परीक्षेची घोकंपट्टी करून घेणाऱ्या खासगी शिकवण्यांहून आम्ही वेगळे, हे त्यांना सांगायचे होते. (क्लासवाल्यांशी आपले नाते पाहता हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.) २००२ साली नाव बदलून आजचे झाले. आज ब्रिटन आणि आयर्लंडमधले सुमारे तीन हजार अध्यापक व संशोधक तिचे सभासद आहेत, आणि १९८१ पासून 'लीगल स्टडीज' हे तिचे नियतकालिक निघते. अध्यक्ष दर वर्षी बदलतो आणि बहुधा त्याच्याच विद्यापीठात सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चार दिवसांची परिषद भरते. पदे आहेत, कार्यकारिणी आहे, मेजवानीही असते. पण सभासदाला विचारले की तू परिषदेला कशासाठी आलास, तर तो अध्यक्षांचे नाव सांगत नाही, आपल्या विषय विभागाचे सांगतो.

असे विभाग तीसच्या आसपास आहेत. करार, अपकृत्ये, फौजदारी कायदा, कुटुंब, कंपनी, कामगार, करआकारणी, विधिशास्त्र, कायद्याचा इतिहास हे जुने. पर्यावरण, वैद्यकीय कायदा, बौद्धिक संपदा, स्थलांतर, सायबर कायदा, अगदी खेळांचा कायदा हे त्या मानाने नवे. प्रत्येक विभागाला एक निमंत्रक असतो. समिती नाही, उपाध्यक्ष नाही, लेटरहेड नाही, एक माणूस. सर्व निमंत्रकांचे काम जुळवून घेण्यासाठी संस्थेत विषय विभागांचा एक स्वतंत्र सचिव असतो, तेवढीच काय ती वरची पायरी. वसंत ऋतूच्या सुमारास निमंत्रक आपल्या विषयातल्या लोकांना आवाहन करतो की ज्यांना निबंध वाचायचा आहे त्यांनी गोषवारा पाठवावा. परिषदेला दर वर्षी एक सूत्र असते, पण विभागात ते पाळलेच पाहिजे असे नाही. आपल्याला 'जागतिकीकरण आणि कायदा' या एका छत्रीखाली भाडेनियंत्रणापासून दत्तकविधानापर्यंत सगळे कोंबावे लागते, ती वेळ तिथे कोणावर येत नाही.

छाननीला मी मदत केली ते वर्ष मला नीट आठवते. एकतीस गोषवारे आले होते आणि जागा होत्या बारा : दीड-दीड तासाची चार सत्रे, प्रत्येकात तीन निबंध. निमंत्रकबाईंनी सगळे कागद छापून घेतले आणि खोलीतल्या गालिच्यावर पत्त्यांसारखे मांडले. आधी त्यांनी तीन गठ्ठे केले : ज्यात खरोखर प्रश्न आहे ते, ज्यात नुसता विषय आहे ते, आणि ज्यात दोन्ही नाही ते. 'विषय म्हणजे प्रश्न नव्हे' हे त्यांचे वाक्य मी आजही एलएल.एम.च्या विद्यार्थ्यांना ऐकवते. मग पहिल्या गठ्ठ्यातले कागद त्या जवळ सरकवत होत्या, दूर करत होत्या, कारण निवड झाली तरी जुळणी उरतेच. ज्या तिघांचे एकमेकांशी वाद होऊ शकेल त्यांना एका सत्रात बसवायचे. एक गोषवारा पोलिसांच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीबद्दलचा होता, आणि तो अपकृत्यांचा, प्रशासकीय कायद्याचा की मानवी हक्कांचा हे ठरेना. त्यांनी तिथूनच प्रशासकीय कायद्याच्या निमंत्रकाला फोन केला, दोघांनी पाच मिनिटांत ठरवले, आणि कागद गालिच्यावरून उचलला गेला. नकाराची एकोणीस पत्रे त्यांनी स्वतः लिहिली. काहींत दोनच ओळी होत्या, पण नवख्यांना लिहिलेल्या प्रत्येक पत्रात पुढच्या वर्षी काय सुधारून पाठवावे हे होते. या सगळ्या कामाला मानधन नव्हते आणि प्रमाणपत्रही नव्हते.

वेळापत्रकातही एक शहाणपण आहे, ते मला फार उशिरा लक्षात आले. चार दिवसांचे दोन भाग करतात. निम्मे विभाग पहिल्या भागात, निम्मे दुसऱ्यात. त्यामुळे एका अध्यापकाला दोन विषयांत बसता येते. आपल्याकडे तर एकच शिक्षक सकाळी करार आणि दुपारी हिंदू कायदा शिकवतो, म्हणजे या सोयीची गरज आपल्याला त्यांच्याहून जास्त आहे.

मी निबंध वाचला तो २०१७ साली, डब्लिनला. विषय होता सार्वजनिक संस्थांची काळजी घेण्याची जबाबदारी, आणि मध्यवर्ती उदाहरण होते राजकोट महानगरपालिकेचे १९९७ सालचे प्रकरण, ज्यात रस्त्याच्या कडेचे झाड अंगावर पडून कामावर निघालेल्या माणसाचा मृत्यू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला नुकसानभरपाईच्या दायित्वातून मोकळे केले. निकालात इंग्लंडमधील निवाड्यांची बरीच चर्चा आहे, म्हणून तो तिथल्या लोकांपुढे ठेवावा असे वाटले होते. खोलीत पंधराएक माणसे होती. वीस मिनिटे झाली तशी निमंत्रकांनी समोरच्या बाकावरून '२' लिहिलेला कागद वर धरला. मी आवरते घेतले. पहिला प्रश्न दुसऱ्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांचा. त्यांनी विचारले की १९५१ च्या केमिनर खटल्याचे काय, त्यातही रस्त्यालगतचे जुने एल्म झाड मोटारीवर पडले होते आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, मालकाला जबाबदार धरले नव्हते, कारण झाड आतून किडले आहे याची बाहेर काही खूण नव्हती. मग राजकोटच्या निकालात नवीन ते काय, महापालिका असणे की खूण नसणे? केमिनर माझ्या निबंधात नव्हता. मी तसे सांगितले. ते म्हणाले, ठीक आहे, पण तुमचा सगळा युक्तिवाद याच फरकावर उभा आहे. पुढची दहा मिनिटे त्या खोलीत फक्त झाडांवर चर्चा झाली : झाड कोणी लावले, तपासणी किती दिवसांनी व्हायला हवी, मालकाला जे लागू ते पालिकेला का नाही. माझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण त्या दहा मिनिटांनंतर मी नव्याने लिहिले. त्या गृहस्थांच्या पुस्तकाचा हवाला मी तळटिपांत सात-आठ वेळा दिला होता, हे मला चहाच्या वेळी त्यांच्या गळ्यातला बिल्ला वाचल्यावर कळले.

मी त्या वेळी विद्यार्थिनी होते, परदेशी होते, आणि माझ्या कॉलेजचे नाव तिथे कोणी ऐकलेले नव्हते. विषयाच्या खोलीत या तिन्ही गोष्टींना काही अर्थ उरला नाही. मानाची खुर्ची नव्हती, शाल-श्रीफळ नव्हते, आणि ज्येष्ठ माणसाने कनिष्ठाला दिलेला मान एवढाच की त्याने तिचा निबंध लक्ष देऊन ऐकला.

आता इकडचा अनुभव सांगते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तो कुठल्याही एका संस्थेचा नाही. परत आल्यावरच्या पहिल्याच परिषदेत हाच निबंध सुधारून घेऊन गेले. उद्घाटन साडेबाराला संपले. जेवणानंतर एका वर्गात आमचे तेवीस निबंध लावले होते. माझ्या आधी ग्राहक संरक्षण, नंतर सागरी कायदा. अध्यक्षांनी सांगितले की प्रत्येकाला चार मिनिटे, प्रश्न शेवटी एकत्र घेऊ. शेवट आला तेव्हा प्रमाणपत्रांचे वाटप सुरू झाले होते आणि खोलीत आम्ही सहा जण होतो. त्या सहांपैकी अपकृत्ये शिकवणारे कोणी नव्हते. ज्यांनी ती परिषद भरवली त्यांनी जेवणापासून निवासापर्यंत अतोनात मेहनत घेतली होती, आणि आलेल्या बहुतेकांना पदोन्नतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण हवे होते, हेही खरे आहे. पण विषयाने माणसे एकत्र बसवलेली नसली की मेहनत आणि गुण दोन्ही पदरात पडूनही चर्चा मात्र होत नाही.

विषय विभाग नुसते असलेल्या विषयाचे निबंध वाचून घेत नाहीत, कधीकधी विषयच उभा करायला हातभार लावतात. अन्याय्य समृद्धी किंवा प्रत्यर्पण (रेस्टिट्यूशन), म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने विनाकारण झालेला लाभ परत करण्याचा कायदा, हे याचे उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व उघडपणे मान्य केले ते १९९१ साली, लिपकिन गॉर्मन खटल्यात. त्याआधी आणि नंतर ज्यांनी हा विषय लावून धरला त्यांत पीटर बर्क्स हे नाव अग्रभागी येते, आणि हेच बर्क्स १९८९ ते १९९६ या काळात या संस्थेचे मानद सचिव होते. संस्थेला नवा जोम देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. प्रत्यर्पणाला आज तिथे स्वतंत्र विभाग आहे. आपल्या १८७२ च्या करार अधिनियमात कलम ६५, ७० आणि ७२ मध्ये याच कल्पना शंभर वर्षे आधीपासून बसलेल्या आहेत, आणि आपण त्या 'करारसदृश संबंध' म्हणून सत्राच्या शेवटी, पोर्शन संपवण्याच्या घाईत, दोन तासांत उरकतो. ज्याला विषय म्हणून कोणी वालीच नाही त्याचे असेच होणार.

आता दोष. निमंत्रक एकच असल्यामुळे तो चांगला नसला तर विभाग चांगला चालत नाही. तो आळशी असला तर आवाहन उशिरा निघते, गटबाज असला तर तीच ती नावे दर वर्षी दिसतात, आणि त्याला बदलले नाही तर विभाग त्याची जहागीर होतो. पंधराएक विभाग एकाच वेळी चालले की एखाद्या खोलीत वक्ते तीन आणि श्रोते पाच असा प्रकार होतो. मी स्वतः अशा सत्रात बसले आहे आणि ते केविलवाणे दिसते. गोषवारा एक आणि प्रत्यक्ष निबंध दुसराच, हीही तिथली नेहमीची तक्रार. सगळ्यात खोल दोष असा की विभागांच्या भिंती हळूहळू विषयाच्या भिंती वाटू लागतात. पोलिसांबद्दलचा तो कागद सुदैवी, कारण दोन निमंत्रक फोनवर बोलले. न बोलणाऱ्या निमंत्रकांच्या मधे पडून किती कागद बेवारस झाले असतील ते कळायला मार्ग नाही.

अमेरिकेत १९०० साली स्थापन झालेल्या 'असोसिएशन ऑफ अमेरिकन लॉ स्कूल्स'ने वेगळी वाट घेतली. तिथे सभासद व्यक्ती नसून लॉ स्कूल्स आहेत, विभागांची संख्या शंभराच्या वर आहे, आणि प्रत्येक विभागाला अध्यक्ष, भावी अध्यक्ष, कार्यकारिणी असा सरंजाम असतो. जहागिरीच्या रोगावर हे औषध आहे खरे. पण आपल्याला ते मानवणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्याकडे जितकी पदे तितक्या निवडणुका, आणि जितक्या निवडणुका तितके रुसवेफुगवे. एक निमंत्रक, ठरलेली मुदत, आणि मुदत संपल्यावर निरोप, हे आपल्याला झेपेल.

असा विभाग आपल्याकडे असता तर काय झाले असते याचे उदाहरण फार जुने नाही. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे १०३ झाले, आणि ज्या आकड्याला बोलीभाषेत स्वतःचा अर्थ होता ते ४२० कलम ३१८ च्या पोटात गेले. त्या उन्हाळ्यात राज्यातल्या प्रत्येक लॉ कॉलेजात फौजदारी कायदा शिकवणारी एकेक व्यक्ती एकटी बसून जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करत होती. आमच्या सहकाऱ्यांनी तो वहीत केला, शेजारच्या तालुक्यातल्या प्राध्यापिकेने एक्सेलमध्ये केला, आणि दोघांच्या तक्त्यांत कुठे फरक आहे हे विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअॅपवर दाखवून दिले. तक्ता ही सोपी गोष्ट झाली. बदललेल्या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा, जुने निवाडे कुठवर लागू करायचे, संघटित गुन्हेगारीचे नवे कलम मोक्काशेजारी ठेवून कसे शिकवायचे, हे प्रश्न एकट्याने सुटणारे नव्हते. आणि ते विचारायला फौजदारी कायद्याच्या शिक्षकांची एकत्र अशी जागा नव्हती.

दुसरी गरज भाषेची. आमचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी मराठीतून शिकतात. वर्गात 'निष्काळजीपणा' म्हणायचे की कायद्याच्या मराठीतला 'हयगय' वापरायचा, एकाच्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावर येते त्याला 'प्रातिनिधिक दायित्व' म्हणायचे की 'परार्थ दायित्व', हे प्रत्येक शिक्षक आपापले ठरवतो. न्यायव्यवहार कोश हाताशी आहे, पण कोश शब्द देतो, तो वर्गात चालतो की नाही हे शिकवणाऱ्यांनीच एकमेकांना सांगायचे असते. उत्तरपत्रिका दुसऱ्या कॉलेजचे शिक्षक तपासतात तेव्हा या विसंगतीची किंमत विद्यार्थी मोजतात.

म्हणून मसुद्यात पुढील बदल सुचवते. सभासदत्वाच्या अर्जावरच सभासदाने आपले दोन विषय लिहावेत. सुरुवात तीस विभागांनी करू नये. सहा-सात पुरेत, आणि ज्या विषयाच्या निदान पंधरा सभासदांनी लेखी मागणी केली त्याचाच विभाग व्हावा. निमंत्रकाची मुदत तीन वर्षे असावी, लागोपाठ दुसऱ्यांदा मिळू नये, आणि निमंत्रक असताना त्या व्यक्तीने कार्यकारिणीचे दुसरे कोणतेही पद घेऊ नये. वार्षिक अधिवेशनाचा निदान दोन तृतीयांश वेळ विभागांच्या सत्रांना राखून ठेवावा आणि एका सत्रात तीनपेक्षा जास्त निबंध नसावेत, हे घटनेतच लिहावे, कारण यजमान कॉलेजच्या सौजन्यावर सोडले की ते उद्घाटनात वाहून जाते. निबंध मराठीत किंवा इंग्रजीत वाचण्याची मुभा असावी. निबंध वाचणाऱ्यासह सर्वांनी नोंदणी शुल्क भरावे, मात्र संशोधक विद्यार्थ्यांसाठी ते निम्मे असावे. आणि एकच शिक्षक दोन विभागांना बसू शकेल असे वेळापत्रक करण्याची जबाबदारी एका सहसचिवाकडे द्यावी. मसुद्यात दोन सहसचिव आहेत, आणि त्यांना काम काय हे मला दोनदा वाचूनही सापडले नाही.

सहा उपाध्यक्षांच्या पदांना माझा विरोध आहे असे समजू नये. ती ठेवायची असल्यास ठेवावीत.

अपकृत्यांच्या कायद्यापुरते बोलायचे तर अमरावती ते सिंधुदुर्गपर्यंतच्या अकरा सहकाऱ्यांशी मी बोलले आहे. पंधरा होण्यास चार कमी आहेत. निबंधांसाठीच्या आवाहनाचा मराठी मसुदा तयार आहे. समितीने तरतूद केली तर पहिली तीन वर्षे निमंत्रकाचे काम करण्याची माझी तयारी आहे, चौथ्या वर्षी नाही. अभिप्रायाची मुदत महिनाअखेर संपते, म्हणून हे पत्र समितीकडे टपालाने पाठवून येथे सर्वांसाठी खुले करत आहे.

कळावे,

आपली नम्र,
अपकृत्ये आणि मालमत्तेचा कायदा शिकवणारी एक अध्यापिका